घोकंपट्टीचा बाजार आणि फार्मसीचा विद्यार्थी

परीक्षा जवळ आल्या की कोल्हापुरात उपदेशाला ऊत येतो. पालक सांगतात, पहाटे उठा. प्राध्यापक सांगतात, कष्ट करा. क्लासचालक सांगतो, आमच्या नोट्स घ्या. पुस्तकविक्रेता मात्र काहीच सांगत नाही. तो ‘अपेक्षित’ प्रश्नांचा संच मुकाट्याने पुढे सरकवतो, कारण सांगण्याचे काम इतरांनी अगोदरच केलेले असते. या साऱ्यांच्या मध्ये उभा असतो आजरा, चंदगड वा शाहूवाडीकडून फार्मसीच्या पदविकेसाठी शहरात आलेला शेतकऱ्याचा मुलगा. किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराची मुलगी. निकाल लागतो, दोन विषय राहतात आणि निवाडा तयारच असतो: अभ्यास कमी पडला.

हा निवाडा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे श्रमजीवी वर्गाच्या पक्षाने ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे. बहुतेक वेळा अभ्यास कमी पडलेला नसतो. तो चुकीच्या रीतीने करवून घेतलेला असतो, आणि त्या चुकीवर एक संपूर्ण बाजार पोसला जात असतो. विद्यार्थ्याच्या आळसावर बोट ठेवणारे या बाजाराकडे पाहतही नाहीत.

निष्फळ श्रमाचे अर्थकारण

अर्थशास्त्राच्या भाषेत अभ्यास हा श्रमच आहे. श्रमाचे मोल तासांवरून नव्हे, त्यातून काय निर्माण झाले यावरून ठरते. एखादी मुलगी रात्री बारापर्यंत तेच प्रकरण पाचव्यांदा वाचते, ओळींवर पिवळा रंग ओढते, नोट्सची सुबक नक्कल करते आणि परीक्षेच्या दालनात तिला निम्मेही आठवत नाही. येथे श्रम खर्ची पडले, उत्पादन झाले नाही. ज्याच्या घरी दुसऱ्या वर्षाचे शुल्क पुन्हा भरण्याची ऐपत आहे त्याला ही नासाडी सोसते. ज्याच्याजवळ वेळ हेच एकमेव भांडवल आहे त्याचे त्यात दिवाळे निघते. परिणामकारक अभ्यासाचा प्रश्न म्हणूनच गरिबाच्या मुलासाठी अधिक निकडीचा आहे.

‘अपेक्षित’ प्रश्नांच्या धंद्याचे स्वरूप परीक्षेच्या रचनेवरूनच उघडे पडते. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०२० च्या शिक्षण विनियमांनुसार पदविकेची लेखी प्रश्नपत्रिका ८० गुणांची असते. सात दीर्घ प्रश्नांपैकी सहा सोडवायचे, त्यांचे ३० गुण. अकरा लघुप्रश्नांपैकी दहा सोडवायचे, त्यांचेही ३० गुण. उरलेले २० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांचे, त्यांत पर्यायच नाही. म्हणजे साऱ्या प्रश्नपत्रिकेत सोडून देण्यास मुभा आहे ती एका दीर्घ आणि एका लघुप्रश्नाची. अशा परीक्षेसाठी ‘हे करा, ते सोडा’ असे सांगणारी पुस्तिका विकणे म्हणजे छिद्र असलेली घागर विकण्यासारखे आहे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे निराळे, त्या सोडवाव्यातच. परंतु त्यांवरून पुढच्या प्रश्नांचे भाकीत करून अर्धा अभ्यासक्रम टाकून देणे हा निव्वळ जुगार आहे.

शिवाय पदविका हातात आली म्हणजे काम संपले, असेही आता राहिलेले नाही. २०२२ मध्ये परिषदेने पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वीच्या निर्गमन परीक्षेचे विनियम जारी केले आणि तशी पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन प्रश्नपत्रिका, प्रश्न बहुपर्यायी, भाषा इंग्रजी. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ५० टक्के गुण, तेही तिन्हींत एकाच वेळी, ही उत्तीर्ण होण्याची अट. पदविकेला ४० टक्के पुरतात. ४० च्या काठावर घोकून पोहोचलेला विद्यार्थी ५० च्या दारात अडखळला, तर त्याच्या दोन वर्षांचा हिशेब कोण देणार? पुस्तिका विकणारा तर खचितच देणार नाही.

लाल मातीचा धडा

अभ्यास कसा करावा याविषयी मानसशास्त्राने गेल्या शतकात पुष्कळ काही सिद्ध केले आहे. पण ते समजण्यास कोल्हापूरकराला दूर जाण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले त्या नगरात हे कोणीही सांगेल की, कठड्याशी बसून शंभर कुस्त्या पाहिल्याने कोणी मल्ल होत नाही. डाव अंगी बाणतो तो मातीत उतरून, जोडीदाराशी भिडून आणि चितपट होऊन. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे हे कठड्याशी बसणे आहे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणे हे मातीत उतरणे आहे.

प्रयोगांनी नेमके हेच दाखवले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासण्यास दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत अशी की, आपल्याला अधिक आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. घोकंपट्टीचा फसवेपणा तो हाच. डोळ्यांना झालेली ओळख मनाला ज्ञान वाटू लागते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. रेघा ओढणे आणि पुनर्वाचन यांना त्यांनी कमी उपयुक्त ठरवले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत वाटून करणे या दोन पद्धतींनाच सर्वांत वरचे स्थान दिले. या दोन्ही पद्धतींना एक पैसाही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

मिटलेले पुस्तक, उघडे दुकान

फार्मसीच्या विद्यार्थ्याने याचा अवलंब करायचा तो असा. आज शिकलेला भाग उद्या पुस्तक मिटून लिहावा. मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचावे. प्रत्येक औषधासाठी एक पत्त्याएवढे कार्ड करावे. एका बाजूला केवळ नाव. दुसऱ्या बाजूला गट, कार्य, उपयोग, कोणाला देऊ नये आणि रोग्याला काय सांगावे. यांतील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच विकतच्या नोट्समध्ये एका ओळीत गुंडाळलेले असते.

टेट्रासायक्लिनचे उदाहरण घ्यावे. दुधातील कॅल्शियमशी संयोग होऊन या औषधाचे शोषण घटते, हे वाक्य विद्यार्थी घोकतो आणि गुण मिळवतो. पण गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या नगरात, गोळी दुधाबरोबर घेऊ नका, हे रोग्याला सांगितलेच नाही, तर त्या वाक्याचा उपयोग काय? ज्याने ते कोल्हापुरी ग्राहक डोळ्यांपुढे आणून शिकले, तो परीक्षेतही ते विसरत नाही. समज आणि स्मरण ही दोन निराळी खाती नाहीत.

गणिताचेही तेच. १२ किलो वजनाच्या मुलाला दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम या प्रमाणाने एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचा एक चहाचा चमचा त्याला पुरतो. परंतु थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. तोच चमचा त्या बाटलीतून भरला गेला तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट मात्रा जाते. हे गणित उत्तरासकट पाठ करणारा विद्यार्थी आकडे बदलताच गोंधळतो. दहा निरनिराळ्या वजनांची दहा गणिते स्वतः मांडणारा गोंधळत नाही. मेटफॉर्मिन मधुमेहाचे, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचे. दोन्ही नावांची सुरुवात सारखी. अशी औषधे वेगवेगळ्या प्रकरणांत वेगवेगळ्या महिन्यांत शिकण्याऐवजी शेजारी मांडून, भेद सांगत शिकावीत. वनस्पतिज औषधांच्या विषयात अडुळसा आणि सदाफुली आहेत. त्या पुस्तकातल्या चित्रात शोधण्यापेक्षा गावाच्या कुंपणाशी आणि अंगणात जाऊन पाहाव्यात. पदविकेत ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण आहे. ते केवळ शिक्का मारून घेण्यासाठी नाही. दुकानातील प्रत्येक चिठ्ठी ही उद्याच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप येईल. पद्धत इतकी सोपी आणि फुकट असेल, तर विद्यार्थ्यांनी ती अंगीकारावी. यात राजकारण कोठे आले? व्यक्तिवादी उपदेशकांचा हा आवडता युक्तिवाद आहे आणि तो अर्धसत्य आहे. पद्धत फुकट आहे. ती आचरण्यासाठी लागणारा वेळ, जागा आणि भाषा फुकट नाहीत.

वेळ, जागा, भाषा

दिवसांत वाटून अभ्यास करायचा, तर दिवस हाती असावे लागतात. जो विद्यार्थी पहाटेच्या एस.टी.ने येतो, संध्याकाळी गावी जाऊन धारा काढतो, किंवा शुल्काचा हप्ता भरण्यासाठी रात्री दुकानात उभा राहतो, त्याला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्व अभ्यास कोंबण्यावाचून गत्यंतर नसते. त्याला पहाटे उठण्याचा सल्ला देणे हा क्रूर विनोद आहे. तो रोजच पहाटे उठतो.

हे सत्य ज्या राजाने ओळखले तो याच नगरीचा होता. शाहू महाराजांनी केवळ ‘शिका’ असा उपदेश केला नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले, आणि मधल्या व नंतरच्या वर्षांत नाना जातिधर्मांच्या मुलांची वसतिगृहे दसरा चौकाच्या परिसरात उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला बुद्धी नाही असे नसून त्याला दिवा, ताट आणि बसण्यास जागा नाही, हे महाराजांना कळले होते. शिवाजी विद्यापीठाने ‘कमवा व शिका’ योजना चालवली तीही याच समजुतीतून. आज २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ झाले तरी खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास उरतोच. आणि अभ्यासाचे तास खाऊन टाकतात ते हेच.

दुसरीकडे, शिक्षणाचे दार कोणाच्या हाती गेले? १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना मोकळीक मिळाली. देणगीशुल्काचा उच्छाद एवढा झाला की राज्याला चारच वर्षांनी त्याविरुद्ध कायदा करावा लागला. फार्मसी महाविद्यालयांची भरमसाठ वाढ पाहून खुद्द फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांना पाच वर्षे स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती अमान्य केली. संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क असून केवळ प्रशासकीय ठरावाने त्यावर बंधन घालता येत नाही, असा तो निर्णय होता. संस्था काढण्याचा हक्क असा न्यायालयाच्या संरक्षणाखाली सुरक्षित आहे. त्या संस्थेत सुसज्ज प्रयोगशाळा, पुरेसे अध्यापक आणि तपासून शेऱ्यासह परत मिळणारी उत्तरपत्रिका मिळण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मात्र कोणत्या दरबारात मागायचा?

भाषेचा प्रश्न तर याहून खोल आहे. बारावीपर्यंत मराठीचा आधार घेत आलेला विद्यार्थी येथे इंग्रजी ग्रंथ, इंग्रजी प्रश्न आणि इंग्रजी निर्गमन परीक्षा यांच्या पुढ्यात एकदम टाकला जातो. जे समजलेले नाही ते तो पाठ करतो. दुसरे तो करणार तरी काय? घोकंपट्टी हे पुष्कळदा आळसाचे नव्हे, परक्या भाषेने केलेल्या कोंडीचे लक्षण असते. यावर इंग्रजीकडे पाठ फिरवणे हा उपाय नाही. औषधांची नावे आणि संज्ञा इंग्रजीतच राहणार. उपाय हा की, कार्यकारणभाव प्रथम मराठीत स्वतःच्या शब्दांत मांडावा, मग संज्ञा इंग्रजीत पक्की करावी. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश कपाटात न ठेवता महाविद्यालयांच्या टेबलांवर आले पाहिजेत.

आपल्याच घरातील गैरसमज

चळवळीतही एक समजूत आढळते. परीक्षा म्हणजे स्पर्धा, स्पर्धा म्हणजे भांडवलशाही. तेव्हा मूळ व्यवस्था बदलेपर्यंत अभ्यासाच्या युक्त्या शिकवणे हे सुधारणावादी ठिगळ आहे, असे म्हटले जाते. ऐकण्यास हे क्रांतिकारक वाटते. वस्तुतः ते बेजबाबदार आहे. फार्मसीची परीक्षा ही केवळ नोकरीच्या रांगेतील चाळणी नव्हे. तिच्या पलीकडे रोगी उभा असतो, आणि बहुधा तो गरीब असतो.

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी किडली होती हे उघड केले. त्यानंतर जवळपास चार दशकांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष बालकांच्या शरीरात गेले आणि वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूच्या शासकीय तपासणीत त्या औषधात हे विष ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. मुख्य दोष उत्पादकाचा आणि नियंत्रण यंत्रणेचा, यात शंका नाही, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु कच्चा माल तपासणारा, परवाना देणारा, साठा उतरवून घेणारा, चिमुरड्याला खोकल्याचे औषध द्यावे की नाही हे गल्ल्यावर ठरवणारा, हे सारे एके काळी विद्यार्थीच असतात. अशुद्धीच्या मर्यादा-चाचण्या त्यांनी पाच गुणांसाठी घोकून सोडून दिल्या असतील, तर त्याची किंमत खासगी दवाखान्यातील श्रीमंताच्या अगोदर सरकारी रुग्णालयाच्या रांगेतील माणूस मोजतो. म्हणून चांगला अभ्यास हे श्रमिकांच्या मुलांसाठी प्रगतीचे साधन आहेच, शिवाय श्रमिकांच्या जिवाचे संरक्षणही आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

आजच हाती घेता येईल असे काम पुष्कळ आहे. प्रत्येक वसतिगृहात आणि तालुक्याच्या ठिकाणी फार्मसीच्या विद्यार्थ्यांची अभ्यासमंडळे निघावीत. आठवड्यातून दोन बैठका. पहिल्या अर्ध्या तासात पुस्तके मिटलेली, कागद कोरे; नंतर एकमेकांचे कागद तपासणे; शेवटी एकाने केमिस्ट व्हायचे, दुसऱ्याने रोगी, आणि चिठ्ठीवरील औषध मराठीतून समजावून द्यायचे. निवृत्त औषधनिर्माते आणि शासकीय रुग्णालयांत काम केलेली मंडळी यासाठी आनंदाने वेळ देतील. त्यांना विचारण्याचे कष्ट मात्र घेतले पाहिजेत. जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक सामुदायिक संग्रह झाला, तर पुस्तिकांचा निम्मा बाजार आपोआप उठेल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालवणाऱ्या नगरात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

याच मंडळांतून मागण्याही पुढे आल्या पाहिजेत: ग्रंथालये रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा, शिष्यवृत्ती आणि निर्वाहभत्ता वर्षाच्या प्रारंभी द्या, सत्र-चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शेऱ्यांसह परत करा, निर्गमन परीक्षा मराठीतही घ्या, वसतिगृहांची संख्या वाढवा. एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्या अपयशाबद्दल स्वतःला दोष देत बसतो. मंडळात बसल्यावर त्याला दिसते की, आपल्याला जे जमत नाही ते शेजाऱ्यालाही जमत नाही आणि दोघांच्याही खोलीत दिवा एकच आहे. या जाणिवेतून संघटना उभी राहते.

घोकंपट्टी विद्यार्थ्याला परीक्षेच्या दिवसापुरते शब्द देते आणि दुसऱ्या दिवशी ते परत घेते. बाजाराला तेच हवे आहे, कारण विसरणारा विद्यार्थी हा पुन्हा येणारा ग्राहक असतो. त्याच्या हातातील पुस्तिका काढून घेऊन तेथे कोरा कागद, एक जोडीदार आणि बसण्यास जागा देणे, हे छोटे काम नाही. येत्या परीक्षेपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यात अशी किती मंडळे उभी राहतात, यावरून चळवळीच्या शिक्षणविषयक ठरावांची किंमत ठरेल.